आपटेकरबाईंनी ओळखलेलं लोणी

लिहायला बसले आहे, पण आधीच सांगते, माझं अक्षर वाचणाऱ्याला त्रास देणारं आहे. चौथीपर्यंत शिकले, मग शाळा सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, जिथे जागा दिसेल तिथे वेलांटी देते. जोडाक्षर आलं की हात अडखळतो. चुकलंमाकलं माफ करावं. तसं हे कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. आपटेकरबाई पनवेल सोडून मुलाकडे इस्रायलला गेल्या, आणि दुपारी घरात सामसूम झाली की मला त्यांचा आवाज येतो, म्हणून लिहिते.

तो आवाज म्हणजे, "श्वास घ्या. धरा. धरून ठेवा. सोडा." बाई सोनोग्राफीच्या डॉक्टर. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून हेच बोलायच्या. बोलून बोलून ते त्यांच्या जिभेला इतकं चिकटलं होतं, की रिक्षावाला खड्ड्यातून जोरात नेऊ लागला की त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "धर, धर, आता सोड." तो बिचारा मागे वळून बघायचा.

मी त्यांच्याकडे मावशी म्हणून होते. लादी पुसणं, चादरी बदलणं, पेशंटचं नाव पुकारणं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "गाव कोणतं?"

मी खाली बघत म्हटलं, "माहेर आपट्याचं."

"आणि मी आपटेकर. माझ्या आजोबांचा तेलाचा घाणा तुझ्याच गावात होता, नदीकडच्या बाजूला. आम्हाला शनवारतेली म्हणायचे. माहीत आहे का?"

मला माहीत होतं. आमच्या आजीच्या तोंडून ऐकलं होतं. ही बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडची ज्यू माणसं पूर्वी गावोगाव तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून शनवारतेली. पण मी मान हलवली नाही की बोलले नाही. मला तेव्हा नवीन माणसासमोर तोंड उघडताच येत नसे.

बाईंच्या दवाखान्यालाही शनिवारी कुलूप असायचं. त्याऐवजी रविवारी उघडा. म्हणून रविवारी तळोज्याच्या कारखान्यातली माणसं रांग लावायची, कारण त्यांना सुट्टी त्याच दिवशी. मोहल्ल्यातल्या मुसलमान बायका इतर वारी यायच्या, कारण आत पुरुष नसायचा. बाई आणि मी, दोघीच.

बाई ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडीवर पांढरा कोट. कोटाच्या उजव्या बाहीला कायम जेलचा डाग. पोटावर लावायचं ते चिकट जेल थंड असतं. हिवाळ्यात बाई मला जेलची बाटली गरम पाण्याच्या टोपात ठेवायला लावायच्या. "थंड लावलं की माणूस आक्रसतो," त्या म्हणायच्या, "आणि आक्रसलेलं पोट नीट बोलत नाही." बाटली कोमट ठेवायचं काम माझं. मी ते कधी चुकवलं नाही.

नाव पुकारायचं काम मात्र माझ्याच्याने होत नसे. मी दारात उभी राहून नाव घ्यायची आणि पहिल्या बाकावरच्यालासुद्धा ऐकू जायचं नाही. आतून बाईंचा आवाज यायचा, "सुमन, पेशंटला बोलावते आहेस की देवाचं नाव घेते आहेस?" बाहेर सगळे हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण त्या रागावून बोलत नसत.

मोरा बंदरावरचा एक म्हातारा कोळी आला होता एकदा. बाईंनी सांगितलं, "श्वास घ्या, धरा." त्याने धरला. बाईंना मशीनवर काहीतरी दिसलं, त्या त्यातच गुंतल्या. इकडे म्हातारा फुगून लाल. मला बोलायचं होतं पण तोंड उघडेना. शेवटी तोच म्हणाला, "बाय, सोडू का आता? का असाच वर जाऊ?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "सोडा, सोडा आजोबा. चुकले मी."

"पान्यात बुडी मारनारा मानूस हाय म्हनून टिकलो. दुसरा कोन असता त तुमच्या खाटेवरून सरळ अमरधाम."

"आजोबा, तुमचं पित्ताशय चांगलं आहे, आणि छाती माझ्या मशीनपेक्षा चांगली आहे. नॉर्मल. जा, आता काहीतरी खा."

हे त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं. पोटाची सोनोग्राफी उपाशीपोटी करतात. माणूस भुकेने आणि भीतीने अर्धमेला होऊन आलेला असतो. सगळं ठीक असलं की बाई म्हणायच्या, "नॉर्मल. जा, आता काहीतरी खा." ठीक नसलं तर हे वाक्य यायचं नाही. बाकावरच्या लोकांनाही ते माहीत झालं होतं. आतून "खा" ऐकू आलं की बाहेरचे नातेवाईक उठून उभे राहायचे.

भिंतीवर मोठी पाटी होती, गर्भलिंग तपासणी इथे होत नाही. तरी एक सासू सुनेला घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "बाई, नुसतं एवढंच सांगा, पेढे आणू का बर्फी?"

बाई मशीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "मला डायबिटीस आहे. चणे आणा." सासू पाटीकडे बघायला लागली. सून मात्र खाटेवर तोंडाला पदर लावून हसत होती. थोड्या महिन्यांनी ती सून बाळाला घेऊन आली आणि खरंच पुडीभर चणे घेऊन आली. मुलगा की मुलगी ते बाईंनी तेव्हाही विचारलं नाही. चणे खात म्हणाल्या, "रडणं खणखणीत आहे, म्हणजे प्रकृती छान आहे हो."

आता ती गोष्ट, ज्याच्यासाठी लिहायला बसले.

दवाखान्यात नवीन मशीन आलं. कंपनीचा इंजिनीअर जोडून द्यायला आला होता. नवीन मशीन आलं की बाई ते आधी पेशंटवर लावत नसत. घरच्या, धडधाकट माणसाला झोपवून बघायच्या. म्हणायच्या, "चांगलं पोट कसं दिसतं ते आधी मशीनने शिकायला पाहिजे." म्हणून मला म्हणाल्या, "सुमन, झोप गं जरा."

तो परका माणूस समोर, मला साडी सैल करायची लाज. बाईंनी त्याला मशीनच्या पडद्याकडे तोंड करून बसवलं आणि माझ्या अंगावर चादर घातली. जेल लावलं तेव्हा मी दचकले. थंडगार होतं. बाटली कोमट करणारी मीच तर खाटेवर होते.

बाईंनी उजव्या बरगडीखाली यंत्र फिरवलं. "श्वास घे. धर." आणि त्या थांबल्या. तो इंजिनीअर खुशीत म्हणाला, "मॅडम, देखिए क्या क्लॅरिटी है. एकदम साफ दिख रहा है ना?"

 मी मान वळवून बघितलं. करड्या पडद्यावर, लिव्हरच्या मधोमध, पांढराशुभ्र गोळा. माझ्या मुठीएवढा तरी वाटला.

"सोड," बाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या. मला कुशीवर वळवलं, परत बघितलं. मग टॉवेलने माझं पोट स्वतः पुसलं. मी वाट बघत होते. "जा, आता काहीतरी खा" आलं नाही.

संध्याकाळी त्यांनी आमच्या ह्यांना बोलावून घेतलं. हे तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात. बाई म्हणाल्या, "गाठ आहे. कसली ते सोनोग्राफीत कळत नाही. रक्त तपासू, मग सीटी स्कॅन करू." हे म्हणाले, "बाई, हिला कधी ताप पण नाय येत." बाई म्हणाल्या, "म्हणूनच मला आशा आहे."

वाशीला सीटी झालं. मग मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जनला दाखवलं. ते भले होते, पण घाईत होते. म्हणाले, "कॅन्सर नाही असं मी सांगू शकत नाही. लिव्हरचा तेवढा भाग काढून टाकू. मोठं ऑपरेशन आहे, पैशांची सोय करा." परत येताना हे बसमध्ये बोटांवर हिशोब करत होते. घरी येऊन एवढंच म्हणाले, "खोली विकू." आमची एकच खोली, त्यांच्या ओव्हरटाइमवर घेतलेली.

मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. बाईंनी सीटीची फिल्म मागितली. आणि मग त्यांनी ती खिडकीकडे धरली. भिंतीवर दिव्याची पेटी होती फिल्म लावायला, पण बाईंना काही खरं बघायचं असलं की त्या खिडकीशीच जायच्या. चष्मा कपाळावर, फिल्म उजेडाकडे, एक डोळा बारीक. बराच वेळ.

"इकडे ये," म्हणाल्या. "हे बघ. सोनोग्राफीत तुझी गाठ पांढरी होती. इथे काळी. सीटीमध्ये पाण्याला शून्य आकडा देतात. मांस पाण्याच्या वर जातं. तुझी गाठ पाण्याच्या खाली गेली आहे, चांगली खाली. पाण्याच्या खाली काय जातं सांग?"

मला काय कळणार? मी म्हटलं, "दगड?"

त्या मोठ्याने हसल्या. "या मशीनचं उलटं असतं गं. इथे तेल खाली जातं. तेल, तूप, चरबी. तुझ्या पोटात मला लोण्याचा गोळा दिसतो आहे. चरबीची गाठ असते अशी. क्वचित होते, पण होते, आणि बहुतेक ती बिचारी कोणाला त्रास देत नाही."

"मग कॅन्सर नाय?"

आता त्या हसल्या नाहीत. "काही वाईट गाठींतही चरबी असते. म्हणून एवढ्यावर मी तुला जा, खा म्हणणार नाही. अजून एक मशीन आहे, एमआरआय. त्यात चरबी दाबून टाकून फोटो काढता येतो. ते बघू, मग ठरवू."

त्यांनी सर्जनना फोन लावला. मी दाराशीच उभी होते. "तुमचं चूक नाही, डॉक्टर," बाई म्हणत होत्या. "पण सुरी लावण्याआधी मला एकदा तिची चरबी दाबून बघू द्या. तेवढे थोडे दिवस द्या." तिकडून ते हो म्हणाले असावेत, कारण बाईंनी थँक्यू म्हणून फोन ठेवला.

मग ह्यांना म्हणाल्या, "खोली विकू नका. या तपासण्यांचे पैसे मी भरते. सुमन मला परत देईल."

हे म्हणाले, "पगारातून कापा बाई, दर महिन्याला."

"नाही कापणार. पगार पूर्ण देईन. नंतर ती स्वतः आणून देईल, जमेल तेवढे. माझ्या डोळ्यांकडे बघून, मोठ्याने सांगून." आणि माझ्याकडे वळून, "फुकट दिले तर आयुष्यभर माझ्यासमोर खाली बघशील. आधीच बघतेस, अजून त्यात भर नको."

एमआरआय मुंबईला. तारीख मिळाली ती शनिवारची. मला वाटलं, म्हणजे बाई येणार नाहीत. शनिवारी त्या गाडीत बसत नसत, दिवा लावत नसत, फोनसुद्धा उचलत नसत. मी आणि हे सकाळी निघालो, तर नाक्यावर बाई टॅक्सी थांबवून उभ्या. पांढरी साडी, हातात पर्स.

मी म्हटलं, "बाई, आज शनवार."

"जिवाचा प्रश्न असला तर शनिवार मोडायचा. आमच्यात तसं सांगितलेलं आहे. चला, गाडीत बसा."

त्या माझ्या बाजूला बसल्या, आणि मला बरं वाटायच्या ऐवजी भीती वाटली. इतके दिवस बाई लोणी, लोणी म्हणत होत्या म्हणून मी धीर धरला होता. पण त्यांनी शनिवार मोडला. म्हणजे हा जिवाचा प्रश्न होता. त्यांनाही खात्री नव्हती. मी कळंबोलीपासून मुंबईपर्यंत त्यांच्या हाताकडे बघत होते. त्या पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

त्या मशीनमध्ये लोखंडाचं काही चालत नाही. बाईंनी माझ्या साडीच्या, केसांच्या सगळ्या पिना स्वतः काढल्या. "किती टाचण्या गं तुला, पडदा आहेस का?" मंगळसूत्र आणि जोडवी काढून आपल्या मुठीत धरली. मला त्या मागून उघड्या झग्याची लाज वाटत होती. बाईंनी आपला पदर आडवा धरला आणि मला खाटेपर्यंत नेलं.

आत बोगदा. ठकठक, घणघण असा आवाज, जणू डोक्यावर पत्रे ठोकताहेत. मी डोळे घट्ट मिटले. आणि मग त्या बोगद्यात, माझ्या कानापाशी, बाईंचा आवाज आला. त्यांनी तिथल्या माणसाकडून माइक मागून घेतला होता.

"सुमन, श्वास घे. धर. धरून ठेव." आणि लगेच, "सोड. विसरले नाही बघ."

त्या बोगद्यात मला हसू आलं. "हलू नकोस," बाई म्हणाल्या, "फोटो बिघडेल."

नंतर त्यांनी मला आणि ह्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी. एकात गाठ पांढरी, दिव्यासारखी. दुसऱ्यात त्याच जागी काळोख.

"हा साधा फोटो. आणि हा चरबी दाबून काढलेला. तीच जागा आहे. दाबली आणि विझली. जवळपास सगळी चरबीच आहे, दुसरं काही वाईट भरलेलं नाही. तुझं रक्तही चांगलं, बाकीचं लिव्हरही चांगलं." बाईंनी चष्मा काढून पुसला. "तेल्याची नात आहे मी. लोणी ओळखते."

सर्जननी सगळे फोटो, सगळे रिपोर्ट बघितले आणि तेच म्हणाले, "आत्ता थांबू. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा. वाढली तर बघू." जाताना बाईंशी हात मिळवला. खोली राहिली. माझं पोट शाबूत राहिलं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी पनवेलच्याच इस्रायल तलावाजवळच्या त्यांच्या घरी बोलावलं. आत त्यांची दहा-बारा माणसं जमली होती, ताटात गोड पोहे, त्यात खोबरं, वेलची, वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. त्याला ते मलिदा म्हणतात. त्यांच्या भाषेत प्रार्थना झाली. मध्येच त्यांच्या एलियाहू पैगंबराचं नाव यायचं तेवढं मला कळलं. मला वाटलं घरात काही शुभकार्य असेल. बाईंचे दीर माझ्या हातावर मलिदा ठेवत म्हणाले, "तूच का ती? तुझ्यासाठीच बोलला होता हा नवस."

मी बाईंकडे गेले. "बाई, तुमी तर म्हणत होतात लोणी आहे."

"खात्री फोटोनंतरची," बाई म्हणाल्या. "नवस आधीचा. खा."

त्यानंतर दर सहा महिन्यांनी, मग वर्षाने, बाई माझं पोट बघायच्या. गाठ तिथेच, तेवढीच. बाहेर बाकावर माणसं बसलेली असताना विचारायच्या, "सुमन, लोणी कसं आहे?" लोकांना वाटायचं मी घरी दूध-लोण्याचा धंदा करते. एका बाईने तर अर्ध्या किलोचा भाव विचारला.

आणि पगाराच्या दिवशी मी पैसे द्यायची. पहिल्यांदा टेबलावर ठेवून पळाले. बाईंनी ते उचललेच नाहीत. दिवसभर नोटा टेबलावर, त्यांच्यावर पेपरवेट. संध्याकाळी मला परत यावं लागलं. "बाई, हे... तुमचे पैसे." "ऐकू नाही आलं." "हे तुमचे पैसे." "किती?" आकडा सांगितला. "आणि माझ्याकडे बघ." बघितलं. भिंगांमागे डोळे मोठे दिसायचे, गाईसारखे. मग त्यांनी ते घेतले. कधी जास्त द्यायची, कधी अगदी थोडे, मुलीच्या शाळेचा खर्च आला की काहीच नाही. त्या दिवशीही समोर जाऊन मोठ्याने सांगायचं, "या महिन्यात नाय जमलं." त्या म्हणायच्या, "बरं." एवढंच. "राहू दे गं" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्याचं मला किती बळ वाटायचं ते सांगता येत नाही. हळूहळू माझा आवाज फुटला. शेवटी शेवटी मी दारातून नाव पुकारलं की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायचा.

खारघरला इमारती उठत गेल्या, मोठी मोठी सेंटरं आली. बाईंचा एक डोळा अधू झाला. "सावल्या ओळखणं हे माझं काम, आणि आता सगळंच सावली दिसायला लागलंय," म्हणाल्या, आणि दवाखाना बंद करायचं ठरवलं. मुलगा तिकडे बोलावत होताच.

शेवटच्या दिवशी मला म्हणाल्या, "झोप. एकदा बघून घेते." मी डोळे मिटून जेलच्या गार चटक्याची वाट बघत राहिले. चटका आला नाही. जेल कोमट होतं. टोपात पाणी त्यांनी तापवलं होतं.

थोडे पैसे द्यायचे उरले होते. मी पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेले. सगळीकडे बांधलेले खोके. बाई खिडकीपाशी खुर्चीत. मी समोर उभी राहिले, त्यांच्याकडे बघितलं आणि मोठ्याने म्हटलं, "बाई, हे तुमचे शेवटचे पैसे. आता सगळे फिटले."

बाईंनी नोटा घेतल्या. सगळ्यात वरची नोट उचलली, चष्मा कपाळावर चढवला आणि ती खिडकीकडे, उजेडात धरली. फिल्म धरायच्या तशी. एक डोळा बारीक. बराच वेळ. मी श्वास धरून उभी.

"नॉर्मल," बाई म्हणाल्या, आणि नोटा पर्समध्ये ठेवून चेन लावली. "जा, आता काहीतरी खा."